मीठ, साखर आणि पाणी : एका पुडीतील जीवनरसायन

औषधांच्या दुकानात काही रुपयांना मिळणारी ओआरएसची पुडी बहुतेक घरांत कधी ना कधी आलेली असते. पावसाळ्यात जुलाबाची साथ आली की ती हमखास आठवते. पण तिच्यावर छापलेली सूचना फार थोडे लोक लक्षपूर्वक वाचतात. मोठी पुडी असेल तर ती संपूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी विरघळवावी, असे तिथे लिहिलेले असते. प्रत्यक्षात कुणी अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकतो, कुणी मुलाने प्यावे म्हणून वरून साखर घालतो, तर कुणी या खटाटोपाऐवजी थंड पेयाची बाटलीच पुढे करतो. मोठा माणूस अशा चुकांतून बहुधा निभावून जातो. वर्षभराच्या बाळाच्या मात्र त्या जिवावर बेतू शकतात.

एक लिटर म्हणजे एकच लिटर का? मिठाबरोबर साखर कशासाठी? नुसते पाणी का पुरत नाही? या प्रश्नांची उत्तरे वैद्यकाच्या जाड ग्रंथांत शोधावी लागत नाहीत. ती रसायनशास्त्राच्या अगदी पहिल्या धड्यांत आहेत. अणू, आयन, रेणू आणि द्रावण या चार कल्पना नीट समजल्या, की सजीवांच्या शरीराचा मोठा व्यवहार उलगडतो आणि त्या पुडीवरील सूचनाही आपोआप पटते.

सजीव आणि निर्जीव यांचे द्रव्य एकच

सजीवांचे शरीर काही खास ‘जीवनशक्ती’ असलेल्या द्रव्याचे घडलेले असते, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत रूढ होता. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक व्होलर यांनी मूत्रात आढळणारा युरिया हा पदार्थ प्रयोगशाळेत निर्जीव क्षारापासून तयार केला आणि या समजाला मोठा धक्का बसला. आपले शरीर ज्या मूलद्रव्यांचे बनले आहे, तीच मूलद्रव्ये दगडात, हवेत आणि समुद्रात आहेत. ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांनी शरीराच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग व्यापलेला असतो. उरलेल्या चार टक्क्यांत कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम, गंधक, सोडियम, क्लोरीन, मॅग्नेशियम आणि अत्यल्प प्रमाणात लोह, जस्त, आयोडीन अशी मंडळी येतात.

या आकड्यांवरून सोडियम किंवा पोटॅशियम नगण्य आहेत, असे वाटेल. पण आपण हात हलवतो, हृदय आकुंचन पावते, डोळ्यांनी पाहिलेले मेंदूपर्यंत पोहोचते, ते याच अल्पसंख्य मूलद्रव्यांच्या जोरावर. ही किमया कळण्यासाठी अणूच्या आत डोकवावे लागते.

मिठाचे रहस्य

प्रत्येक अणूच्या केंद्रकात धनप्रभार असलेले प्रोटॉन असतात आणि केंद्रकाभोवती कवचांमध्ये ऋणप्रभार असलेले इलेक्ट्रॉन असतात. दोघांची संख्या सारखी असल्यामुळे अणू एकंदरीत तटस्थ राहतो. अणूचा स्वभाव मुख्यतः त्याच्या सर्वांत बाहेरील कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत, यावर ठरतो. हे कवच भरलेले असेल तर अणू स्वस्थ असतो. ते अपुरे असेल तर तो इलेक्ट्रॉन देऊन, घेऊन किंवा दुसऱ्या अणूशी वाटून घेऊन ती उणीव भरून काढतो.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ आणि शेवटच्या कवचात एकटाच एक. हा एकटा इलेक्ट्रॉन तो सहज देऊन टाकतो. क्लोरीनच्या अणूत १७ इलेक्ट्रॉन असतात आणि शेवटच्या कवचात सात, म्हणजे एकाची कमतरता. सोडियमने दिलेला इलेक्ट्रॉन क्लोरीन घेतो. देणारा धनप्रभारित होतो, घेणारा ऋणप्रभारित होतो. अशा प्रभारित अणूला आयन म्हणतात. विरुद्ध प्रभारांचे हे आयन एकमेकांना धरून रचले गेले, की मिठाचा स्फटिक तयार होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शुद्ध सोडियम हा पाण्यात पडताच पेट घेणारा धातू आहे आणि क्लोरीन हा विषारी वायू आहे. एका इलेक्ट्रॉनची देवघेव झाली आणि दोघांचा स्वभाव पार पालटला. आपल्या मिठागरांत उन्हाने पाणी आटून उरते ते हेच मीठ. रक्तात वाहतात ते हेच सोडियम आणि क्लोराइड आयन.

पाण्याचा वाकलेला रेणू

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. येथे इलेक्ट्रॉनची देवघेव होत नाही, तर वाटणी होते. या बंधाला सहसंयुज बंध म्हणतात. मात्र ही वाटणी समसमान नसते. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनना आपल्याकडे अधिक ओढतो. त्यातच हे तीन अणू सरळ रेषेत नसून सुमारे १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेले असतात. परिणामी रेणूच्या ऑक्सिजनकडील बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनकडील बाजूंना किंचित धन प्रभार येतो. दोन टोकांच्या या रेणूला ध्रुवीय रेणू म्हणतात.

पृथ्वीवरील जीवसृष्टीचे बरेचसे श्रेय या वाकलेपणाला द्यावे लागेल. मिठाचा खडा पाण्यात टाकला, की पाण्याचे रेणू आपली ऋण बाजू सोडियमकडे आणि धन बाजू क्लोराइडकडे करून एकेका आयनाला वेढून घेतात आणि स्फटिकापासून सुटे करतात. मीठ विरघळले म्हणजे ते नाहीसे झाले नाही, त्याचे आयन पाण्याच्या घोळक्यात मोकळे फिरू लागले. साखरेच्या रेणूचे आयन होत नाहीत, पण त्याच्या अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. पाण्याचे रेणू त्यांना हायड्रोजन बंधांनी धरतात आणि साखरही विरघळते. तेलाच्या रेणूंवर असा प्रभाराचा भेद जवळजवळ नसतो, म्हणून तेल पाण्यात विरघळत नाही.

प्रौढ पुरुषाच्या शरीराच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते. नवजात बाळात हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणूनच जुलाब-उलट्यांत पाणी गमावणे मोठ्यांपेक्षा बाळांना लवकर भोवते.

तेलाची भिंत आणि तिचे दरवाजे

शरीरातील हे पाणी एका टाकीत साठवल्यासारखे नसते. ते अब्जावधी पेशींच्या आत आणि बाहेर विभागलेले असते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे पटल असते. पेशीपटल ही एका अर्थी तेलाची भिंत आहे. पाण्यात रमलेले सोडियम, पोटॅशियम यांसारखे आयन ती ओलांडू शकत नाहीत. त्यांच्यासाठी या भिंतीत प्रथिनांचे दरवाजे बसवलेले असतात आणि प्रत्येक दरवाजा ठरावीक पाहुण्यांनाच आत घेतो.

पेशीतील काही प्रथिने पंपाचे काम करतात. ती ऊर्जा खर्चून सोडियम सतत बाहेर काढतात आणि पोटॅशियम आत घेतात. त्यामुळे पेशीबाहेर सोडियम भरपूर, पेशीत कमी. पोटॅशियमचे याच्या उलट. हा असमतोल मुद्दाम राखलेला असतो. धरणात अडवलेल्या पाण्यासारखा तो ऊर्जेचा साठा असतो. मज्जातंतूतील संदेश आणि हृदयाचे ठोके याच साठ्यावर चालतात.

आता पाण्याकडे पाहू. पटलाच्या एका बाजूला विरघळलेले कण जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतील, तर पाणी कमी कणांच्या बाजूकडून जास्त कणांच्या बाजूकडे सरकते. याला परासरण म्हणतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की काही वेळात बरणीत पाणी सुटते आणि फोडी आक्रसतात, ते परासरणच. लोणचे घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीने हा प्रयोग केलेला असतो. शरीराच्या दृष्टीने यातील तात्पर्य असे, की पाण्याला ढकलता येत नाही. विरघळलेले कण जिकडे जातील तिकडे पाणी त्यांच्यामागून जाते.

आतड्यातील जोडीचा नियम

आपण प्यायलेले पाणी आणि लाळ, जठररस, पित्त आदी पाचकरस मिळून दररोज सुमारे आठ ते नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. निरोगी माणसात त्यातील अगदी थोडा भाग वगळता सर्व परत शोषला जातो. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, हा व्यवहार उलटतो. कॉलऱ्याच्या जिवाणूचे विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड आयन अखंडपणे बाहेर, आतड्याच्या पोकळीत सोडायला लावते. क्लोराइडच्या मागून सोडियम आणि त्यांच्या मागून पाणी वाहू लागते. काही तासांत माणूस कित्येक लिटर पाणी गमावतो. अशा वेळी नुसते पाणी पाजले तर ते शोषले जात नाही, कारण त्याला ओढून नेणारे कणच नसतात. नुसते मिठाचे पाणी दिले तरी भागत नाही, कारण सोडियम आत घेण्याचे काही मार्ग या विषाने बंद पाडलेले असतात.

पण एक दरवाजा उघडा राहतो. आतड्याच्या पेशींत असे एक प्रथिन असते, जे सोडियम आणि ग्लुकोज या दोघांना एकत्रच आत घेते. दोन सोडियम आयन आणि त्यांच्याबरोबर ग्लुकोजचा एक रेणू. एकट्याला प्रवेश नाही, जोडीने आलात तरच. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत ही कल्पना मांडली. पेशीबाहेरचे सोडियम पेशीत उतरताना ग्लुकोजला आपल्यासोबत ओढून नेते. वर सांगितलेल्या ‘धरणाची’ ऊर्जा येथे कामी येते. आणि हे दोघे आत गेले, की परासरणाच्या नियमाने पाणीही मागून जाते. कॉलऱ्याचे विष या दरवाजाला हात लावत नाही.

मिठाच्या पाण्यात साखर का, याचे उत्तर येथे मिळते. ती चवीसाठी नसते, शक्तीसाठीही मुख्यतः नसते. ती सोडियमच्या प्रवेशाची जोडीदार असते.

बनगावची कसोटी

हे ज्ञान प्रयोगशाळेत राहिले असते तर त्याचे मोल मर्यादित ठरले असते. १९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी तोंडाने दिलेल्या ग्लुकोज व क्षारांच्या द्रावणाने कॉलऱ्याच्या रुग्णांना सलाइनची गरज मोठ्या प्रमाणात कमी होते, हे दाखवून दिले. तरीही डॉक्टरांच्या देखरेखीबाहेर असे द्रावण द्यावे, यास अनेकांचा विरोध होता.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. रुग्णालयात जागा नव्हती, रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी साधे मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण कोलकात्यात तयार करून घेतले. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम सोडा असे प्रमाण होते. ते पाण्यात विरघळवून नळ लावलेल्या पिंपांत ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजण्यास सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. १९७८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने सोडियम आणि ग्लुकोजच्या या एकत्रित शोषणाच्या शोधाचा, विसाव्या शतकातील वैद्यकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची प्रगती, अशा शब्दांत गौरव केला. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

प्रमाणाचा हिशेब

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते, एकूण २०.५ ग्रॅम. वजने पाहिली तर ग्लुकोज मिठाच्या पाचपटींहून अधिक दिसते. पण रसायनाचा व्यवहार वजनावर चालत नाही, कणांच्या संख्येवर चालतो. ग्लुकोजचा रेणू जड असतो. त्याचे रेणुवस्तुमान १८०, तर मिठाचे सुमारे ५८.५. कणांची मोजणी करण्यासाठी रसायनशास्त्रात मोल हे एकक वापरतात. डझन म्हणजे जसे बारा नग, तसा मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड संख्या. मोलचा हजारावा भाग म्हणजे मिलिमोल. १३.५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ७५ मिलिमोल. मीठ आणि सायट्रेट या दोहोंतून मिळणारे सोडियम मोजले, तर तेही ७५ मिलिमोलच भरते. दोघांची संख्या जुळवलेली आहे.

पोटॅशियम असते ते जुलाबांतून वाहून गेलेल्या पोटॅशियमची भरपाई करण्यासाठी. ते फार घटले तर स्नायू दुबळे होतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. सायट्रेट रक्तातील वाढलेली आम्लता कमी करण्यास मदत करते. पूर्वीच्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही अधिक होते व सर्व कणांची एकूण संख्या लिटरला ३११ मिलिमोल होती. २००२ पासून ती २४५ करण्यात आली. रक्तातील अशा कणांची संख्या २९०च्या आसपास असते. द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ असले, की परासरणाने पाणी आतड्यातून रक्ताकडे सहज जाते.

आता सुरुवातीच्या चुकांकडे वळू. लिटरची अर्धी पुडी दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात टाकली, तर द्रावण अडीचपट दाट होते. ते रक्तापेक्षा दाट असल्याने आतड्यात पाणी देण्याऐवजी शरीरातूनच पाणी ओढून घेते आणि बाळाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. वरून साखर घातली तर सोडियमशी असलेली तिची जुळणी मोडते आणि न शोषलेली साखर जुलाब वाढवते. गोड थंड पेयांत लिटरमागे साधारण शंभर ग्रॅम साखर असते आणि सोडियम अगदी नाममात्र. कैरीच्या फोडीवर जे मीठ करते, तेच ही साखर आतड्याच्या भिंतीवर करते. शहाळ्याचे पाणी तहान भागवते, त्यात पोटॅशियमही भरपूर असते. सोडियम मात्र पुरेसे नसते. म्हणून ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही.

हा भेद बाजारात पुसला जात होता. ओआरएस हे नाव मिरवणारी, पण सूत्राशी न जुळणारी गोड पेये औषधांच्या दुकानांतही मिळत होती. हैदराबादमधील एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी अनेक वर्षे त्याविरुद्ध पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही विकत घेताना वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आणि ग्लुकोज व क्षारांची वजने पाहणे श्रेयस्कर.

घरातले उपाय

पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे. घरातल्या साखरेचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीचा असतो आणि आतड्यात तो फुटून दोघे सुटे होतात. सहा चमचे म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखर. तिच्यातून मिळणारे ग्लुकोज मोजले तर ७३ मिलिमोलच्या आसपास येते, म्हणजे पुन्हा तोच आकडा. या घरगुती द्रावणात पोटॅशियम आणि सायट्रेट नसते. त्यामुळे पुडी मिळेपर्यंतची ती सोय समजावी.

गोव्यात आणि कोकणात आजाऱ्याला मीठ घातलेली तांदळाची पेज देण्याची रीत आहे. तिच्यामागेही हेच रसायन आहे. तांदळातील स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक माळ. माळ अखंड असते तोवर तो एकच मोठा कण असतो, त्यामुळे पेजेत ग्लुकोज भरपूर असूनही कणांची संख्या कमी राहते. आतड्यात ही माळ हळूहळू तुटते आणि एकेक ग्लुकोज सोडियमला जोडीदार म्हणून मिळत राहतो. तांदळावर आधारित ओआरएस कॉलऱ्यात उपयुक्त ठरल्याचे अभ्यासांतूनही दिसून आले आहे.

द्रावण घोटाघोटाने, बाळाला चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. तयार केलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. स्तनपान थांबवू नये. मुलांच्या जुलाबांत ओआरएसबरोबर १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस आहे. त्यांची मात्रा डॉक्टरांकडून घ्यावी. डोळे खोल जाणे, मूल सुस्त होणे किंवा त्याला पिता न येणे, लघवी बंद होणे, शौचातून रक्त पडणे ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

या रसायनात महागडे किंवा दुर्मीळ असे काही नाही. मीठ स्वयंपाकघरात असते, साखर डब्यात असते, पाणी माठात असते. त्यांना औषध बनवते ते प्रमाण. म्हणून पुडी फोडण्यापूर्वी घरात लिटरचे माप काढून ठेवावे, आणि ते द्रावण ज्याला पाजायचे आहे त्याच्या आवडीपेक्षा त्या मापावर अधिक विश्वास ठेवावा.